काशीला निघताय? घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी विचारलेले प्रश्न

काशीला एकदा जाऊन आलं की गोतावळा तुम्हाला तज्ज्ञ समजायला लागतो. मी पाच वेळा गेले: आईला घेऊन, सासू-सासऱ्यांना घेऊन, एकदा मैत्रिणींबरोबर आणि दोनदा एकटी. तेव्हापासून दसरा झाला की फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. मावशीला सांगितलेलं आत्याला परत सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

काशी, वाराणसी की बनारस? नक्की म्हणायचं काय?

तिन्ही बरोबर. आईच्या तोंडी काशी, रिक्षावाल्याच्या तोंडी बनारस, सरकारी कागदावर १९५६ पासून वाराणसी. वरुणा आणि असी या दोन नद्यांच्या मधलं गाव म्हणून वाराणसी, अशी नावाची फोड सांगतात. असी आता नाल्याएवढी उरली आहे.

नावांचा घोळ एकाच ठिकाणी महागात पडतो, तो म्हणजे रेल्वेत. ‘वाराणसी जंक्शन’ हे मुख्य स्टेशन. गावात त्याला सगळे ‘कँट’ म्हणतात. ‘बनारस’ हे वेगळं स्टेशन, पूर्वीचं मंडुवाडीह. आणि पूर्वीचं मुगलसराय, म्हणजे आताचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, गंगेच्या पलीकडे पंधरा-सतरा किलोमीटरवर. तिकिटावर कुठलं नाव आहे ते नीट बघा आणि न्यायला येणाऱ्याला तेच सांगा. माझे सासरे एका स्टेशनवर आणि गाडीवाला दुसऱ्या, असा दीड तास आम्ही काढला आहे.

किती दिवस हवेत?

तीन पूर्ण दिवस, चार असतील तर उत्तम. ‘चार दिवसांत काशी, प्रयाग, गया, अयोध्या’ अशा सहली निघतात. त्यात दर्शन होतं, काशी होत नाही. पहाटे चारला उठवून रांगेत उभं करतात, दहाला बसमध्ये बसवतात, आणि माणूस घरी येऊन सांगतो, ‘काय ती गर्दी आणि काय ती घाण!’ त्याचं खोटं नसतं. त्याला तेवढंच दिसलेलं असतं.

माझा एकच नियम: पहाट आणि संध्याकाळ नदीवर, दुपार खोलीवर. अकरा ते चार या वेळात या गावाकडून फार अपेक्षा ठेवू नका. गावही त्या वेळी पान लावून बसलेलं असतं.

कधी जावं?

नोव्हेंबर ते मार्च. त्यातही फेब्रुवारी मला सगळ्यात आवडतो, फक्त महाशिवरात्रीचे दिवस टाळून. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर धुकं इतकं दाट पडतं की घाटावर उभं राहून गंगा दिसत नाही, आणि गाड्या आठ-आठ तास उशिरा धावतात. मुंबईची थंडी समजून एक शाल घेऊन गेलात तर कुडकुडाल. स्वेटर, कानटोपी, पायमोजे सगळं न्या.

मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पावसाळ्यात गंगा घाट गिळते. पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाता येत नाही, नावा बंद होतात आणि आरती कुठल्यातरी गच्चीवर होते. श्रावणात त्यात कावडीवाल्यांची भर.

देवदिवाळीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, सगळ्या घाटांवर पणत्या लागतात. डोळ्यांचं पारणं फिटतं यात शंका नाही. पण त्या दिवशीच्या खोल्या आणि नावा महिनोन् महिने आधी जातात, भाव कितीतरी पटींनी चढतो आणि गर्दीत पाय उचलला की परत टेकवायला जागा राहत नाही. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर जाऊ नका. चार दिवस आधी गेलात तर कार्तिकस्नानाच्या बायका, पंचगंगा घाटावर बांबूला टांगलेले आकाशदिवे हे सगळं निवांत बघायला मिळतं.

जायचं कसं?

मुंबईहून महानगरी आणि कामायनी या रोजच्या गाड्या. एक अख्खा दिवस आणि वर थोडं, एवढा वेळ धरा. पुण्याहून ज्ञानगंगा आहे, पण ती आठवड्यातून एकदाच. विमानतळ बाबतपूरला, गावापासून साधारण पंचवीस किलोमीटर. विमानतळावरून टॅक्सी केलीत तरी ती तुम्हाला दारात सोडेल असं समजू नका. गोदौलिया आणि मैदागिन या चौकांच्या आत गाड्यांना बहुतेक वेळा मज्जाव असतो. तिथून पुढे टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, किंवा पायपीट. चाकाची मोठी बॅग काशीच्या गल्लीत ओढून बघा, मग पाठीवरची सॅक का चांगली ते कळेल.

राहायचं कुठे?

वयस्कर माणसं बरोबर असतील तर अस्सी घाटाच्या आसपास. तिथे रिक्षा बऱ्यापैकी जवळ येते, घाट रुंद आहे, पायऱ्या झेपतात. विश्वनाथाचं पहाटेचं दर्शन हेच मुख्य असेल तर गोदौलिया-दशाश्वमेध घाटाजवळ, पण सामान गल्लीबोळांतून न्यावं लागेल. कँटजवळची हॉटेलं चकाचक, पण नदीपासून लांब. दरवेळी रहदारीत अर्धा-पाऊण तास जातो. घाटावरचं ‘रिव्हर व्ह्यू’ घेताना आधी विचारा: मजला कितवा, लिफ्ट आहे का, आणि खिडकीतून नदी दिसते की शेजाऱ्याची टाकी.

विश्वनाथाचं दर्शन कसं घ्यावं?

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन, चामड्याची पर्स सगळं खोलीवर ठेवून या. ओळखपत्र आणि थोडे पैसे खिशात असले की पुरे. मंदिराच्या आवारात लॉकर आहेत. बाहेरचे दुकानदार ‘लॉकर फ्री’ म्हणून बोलावतात आणि बदल्यात पेढे-बेलाची टोपली गळ्यात मारतात. घ्यायची तर खुशाल घ्या, पण टोपलीचे पैसे आधी विचारून.

मंगला आरती पहाटे तीनला असते. तिचं तिकीट मंदिराच्या संकेतस्थळावरूनच काढा. ‘सुगम दर्शन’ नावाचा पैसे भरून छोट्या रांगेचा प्रकारही तिथेच मिळतो. सोमवार सोडून, सकाळी साडेपाच-सहाला गेलात तर साध्या रांगेतही फार खोळंबा होत नाही, असा माझा अनुभव.

२०२१ च्या डिसेंबरात नवं धाम, म्हणजे मंदिराभोवतीचं मोठं आवार, खुलं झालं. आता घाटावरून गंगाद्वारातून थेट वर जाता येतं. पूर्वीच्या चिंचोळ्या गल्ल्या, त्यातली घरं, दुकानं त्यात गेली. आईला मोकळं, स्वच्छ पटांगण आवडलं. मला तो जुना अंधार, ओले दगड आणि अचानक समोर येणारा सोन्याचा कळस आठवत राहिला. दोघींचं बरोबर असावं. देऊळ मात्र तेच, अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलेलं. शिखरांवरचं सोनं पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांचं.

जवळच अन्नपूर्णा आणि धुंडिराज गणपती आहेत. आपल्याकडे लग्नात मुलीबरोबर जी पितळी अन्नपूर्णा देतात तिचं हे माहेर. आणि काशीचा कोतवाल काळभैरव. त्याला न सांगता काशी सोडायची नाही. तिथे काळा गंडा बांधतात आणि मोरपिसांच्या झाडूने पाठीत हलकेच मारतात. घाबरू नका.

गंगाआरती कुठून बघावी?

दशाश्वमेधावर, एकदाच, पायऱ्यांवर बसून. तासभर आधी जा. नावेतून बघणारे नावांच्या दाटीत अडकतात आणि समोरच्याच्या मोबाइलच्या पडद्यावर आरती बघतात. दुसऱ्या दिवशी परत बघावीशी वाटली तर पहाटे अस्सीवर जा. तिथे ‘सुबह-ए-बनारस’मध्ये सूर्योदयाच्या वेळी आरती होते, मग कोणीतरी गातं किंवा वाजवतं. शेजारी कुल्हडातला चहा. मला संध्याकाळच्या झगमगाटापेक्षा हे शंभर पटीने आवडतं.

नाव करावी की चालावं?

दोन्ही, पण चालणं चुकवू नका.

नाव पहाटेची करा. सूर्य समोरच्या रेतीच्या किनाऱ्यावरून उगवतो आणि उजेड सरळ घाटांच्या तोंडावर पडतो. गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वळते आणि गाव सगळं पश्चिम काठावर, म्हणून हे होतं. वल्ह्याची नाव मिळाली तर तीच घ्या. इंजिनाच्या फटफटीत ना घंटा ऐकू येते ना धोबीघाटाचे फटके. चढण्याआधी ठरवा: किती वेळ, कुठून कुठवर, पैसे माणशी की पूर्ण नावेचे. ‘जो समझ में आए दे देना’ म्हणाला तर हसून पुढे जा. उतरताना त्याची समज तुमच्यापेक्षा मोठी निघते.

चालायचं ते अस्सीपासून उत्तरेकडे. अस्सी ते दशाश्वमेध ही पहिली सकाळ. नुसतं चाललं तर पाऊण तास, थांबत गेलात तर तीन. तुलसी घाटावर तुलसीदासांची जागा. पुढे चेतसिंग घाटाचा किल्ला. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंगाला इथे अटकेत टाकलं. राजा पागोटी बांधून केलेल्या दोरीने खिडकीतून नदीत उतरून निसटला आणि लोकांनी उठाव केला, तेव्हा खुद्द हेस्टिंग्जला चुनारकडे पळावं लागलं. खालून त्या भिंतीची उंची बघा, म्हणजे पागोट्यांची लांबी कळेल. मग हरिश्चंद्र घाट, मणिकर्णिकेखेरीजची दुसरी स्मशानभूमी. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा केदार घाट. तिथे दाक्षिणात्य मंडळींचा राबता आणि जवळच्या गल्लीत चांगली इडली.

दशाश्वमेधाच्या जरा पुढे मानमंदिर घाट. वर सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे, दिल्ली-जयपूरच्या जंतरमंतरची धाकटी बहीण. फारसं कोणी चढत नाही. खाली आरतीला पाच हजार माणसं असताना वर आम्ही तिघी आणि एक माकड होतो. माकडाचं लक्ष माझ्या चष्म्यावर.

दुसरी सकाळ ललिता घाटापासून पुढे. आधी नेपाळी देऊळ, लाकडी कोरीव कामाचं. मग मणिकर्णिका. तिथे काम चालू असलं किंवा गर्दी असली तर वरच्या गल्लीतून वळसा घालावा लागतो. मग शिंदे घाट, आणि इथून पुढचं खाली वेगळं लिहिते.

काशीत मराठी खुणा कुठे आहेत?

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच विचारून घेते. आपली माणसं विश्वनाथ, काळभैरव, आरती, साडी करून परत येतात आणि निम्मा घाट आपल्याच लोकांनी बांधला हे त्यांना कोणी सांगत नाही.

ज्या दशाश्वमेधावर आरती बघता, तो घाट १७४८ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी बांधला. पुढे अहिल्याबाईंनी त्याची पुन्हा बांधणी केली. शेजारचा घाट तर त्यांच्याच नावाचा. केदार घाटाकडून येताना लागणारा राजा घाट हा राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांचा. शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाईंचा. त्याच्या पायऱ्यांचं वजन इतकं झालं की बांधकाम नदीत खचलं आणि पुढे पुन्हा बांधावं लागलं. अगदी लगतचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ चक्क एका बाजूला कललेलं आहे, वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यातच असतो. बायजाबाईंनीच विश्वनाथाशेजारच्या ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडपही बांधला. पुढे नागपूरकरांचा भोसले घाट: भली थोरली दगडी भिंत, वर बारक्या खिडक्या. कोणी सांगितलं नाही तर किल्लाच वाटतो.

मग पंचगंगा घाट. या एका घाटासाठी मी परत परत जाते. चढ उभा आहे, दम लागतो. वर औरंगजेबाच्या काळातली मशीद, तिच्याजवळ बिंदुमाधवाचं देऊळ. पायऱ्यांवर एक दगडी दीपस्तंभ, अंगभर दिव्यांच्या खोबण्या असलेला. त्याला ‘हजारा’ म्हणतात, तोही अहिल्याबाईंचाच. कबीराला रामानंदांचा पाय लागला आणि ‘राम’ हा मंत्र मिळाला, ती गोष्ट याच पायऱ्यांवरची. शेजारच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेब वर्षानुवर्षं शहनाईचा रियाज करत.

नाथमहाराजांनी एकनाथी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणात लिहिले आणि उरलेला ग्रंथ काशीत पुरा केला, शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला. संस्कृत सोडून मराठीत लिहितो म्हणून इथल्या पंडितांनी आधी जाब विचारला आणि मग ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. शिवराज्याभिषेकाला १६७४ मध्ये रायगडावर गेलेले गागाभट्ट काशीचे, पण घराणं मूळ पैठणचं. त्यांचे पणजोबा नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकात विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारून घेतलं होतं.

पंचगंगेच्या पुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. या गल्ल्यांत जुनी मराठी वस्ती. आता घरं कमी उरलीत, पण एका दुपारी ब्रह्मा घाटाच्या वर वाट चुकले तेव्हा एका ओट्यावर नऊवारीतल्या आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हिंदीत रस्ता विचारला. त्यांनी माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मराठीत विचार की गं.’ बोलण्याचा हेल मात्र पूर्ण बनारसी. पाणी दिलं, गूळ दिला, कुठल्या गावच्या ते विचारलं. कोकणातल्या माझ्या गावाचं नाव त्यांना ठाऊक होतं, पाहिलं कधीच नव्हतं. सहा पिढ्या इथेच गेल्या म्हणाल्या.

झाशीच्या राणीचं जन्मस्थान अस्सीजवळ भदैनीत आहे. तिथे आता स्मारक आणि पुतळा आहे. तिचं माहेरचं नाव मणिकर्णिका का, हे काशीत आल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

मणिकर्णिकेवर जावं का?

आपापल्या मनाचा प्रश्न आहे. तिथे रात्रंदिवस चिता जळतात. सासूबाई लांबूनच हात जोडून परत फिरल्या; आई तासभर बसली आणि खोलीवर येऊन नेहमीसारखी जेवली.

गेलात तर फोटो काढायचा नाही, कॅमेरा गळ्यात लटकवायचाही नाही. कोणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं. ‘वरून चांगलं दिसतं, या’ म्हणून कोणी माडीवर नेऊ लागला तर जाऊ नका. वर गेलं की ‘गरिबांच्या चितेसाठी लाकडं द्या, किलोचा भाव इतका’ सुरू होतं. तो पैसा लाकडापर्यंत पोचत नाही.

सारनाथ एका दिवसात होतं का?

अर्ध्या दिवसात होतं. गावापासून दहा किलोमीटर. पण शुक्रवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं, आणि संग्रहालय चुकलं तर जाण्यात अर्थ नाही. आपल्या नोटेवरचे, पासपोर्टवरचे सिंह प्रत्यक्ष तिथे आहेत, दालनात शिरताच समोर. चुनारचा वालुकाश्म, आणि त्याला सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दिलेली झिलई अजून काचेसारखी चमकते. सिंहांच्या पंज्यांच्या शिरा दिसतात. खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह एकामागून एक चालताहेत. चारी बाजूंनी फिरून बघा.

बाहेर अवशेषांत अशोकस्तंभाचा तुटका बुंधा आणि धामेक स्तूप. बुद्धांनी पहिला उपदेश केला ती ही जागा. नागपूर-विदर्भाकडून पांढऱ्या कपड्यांतली मंडळी इथे येतात. त्यांच्या तोंडची वंदना त्या शांततेत ऐकली की एरवी ‘आम्हाला काय बघायचंय तिथे’ म्हणणारेही गप्प उभे राहतात. आमच्या सासऱ्यांचं तसंच झालं.

यादीत नसतं असं काही?

भारतमाता मंदिर. आत मूर्ती नाही, जमिनीवर संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे. १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते उद्घाटन झालं. खाली वाकून सह्याद्री शोधा. मुलं तिथे रमतात.

हिंदू विश्वविद्यालयातलं भारत कला भवन. लघुचित्रं आवडत असतील तर अर्धा दिवस ठेवा, नसतील तर सोडा.

रामनगरचा किल्ला दुरून चांगला, आतलं संग्रहालय धुळीने भरलेलं. मात्र अनंत चतुर्दशीच्या सुमाराला सुरू होणारी तिथली महिनाभराची रामलीला वेगळीच गोष्ट आहे. रोज प्रसंग बदलतो तशी जागा बदलते आणि प्रेक्षक रामाच्या मागून चालत जातात.

खायचं काय?

सकाळी कचोरी-सब्जी आणि जिलबी. कचोरी म्हणजे आपली खस्ता कचोरी डोळ्यांसमोर आणू नका. ही पुरीच्या जातीची, आत उडदाचं पातळ सारण, वर बटाटा-चण्याची रस्साभाजी, पळसाच्या द्रोणात. दहानंतर गेलात तर कढई धुतलेली दिसेल.

थंडीत मलइयो. हे चुकवलंत तर माझ्याशी बोलू नका. आटवलेलं दूध रात्री उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस केशर-वेलदोडा घालून कुल्हडात देतात. चमचा आत जातो पण तोंडात काही आलं असं वाटत नाही, नुसता गारवा आणि वास. शेवटी तळाला थोडं केशरी दूध ओततात. चौक-ठठेरी बाजाराकडे चांगलं मिळतं. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून नऊच्या आत जा.

संध्याकाळी टमाटर चाट: टोमॅटो-बटाटा तव्यावर तुपात घोटून, वर पाक आणि कुरकुरीत शंकरपाळ्यांचे बारके तुकडे. पोह्यांची आठवण आली तर हिवाळ्यात ‘चूडा-मटर’ मागा. आणि थंडाई मागताना ‘सादी’ हा शब्द विसरू नका. इथे भांग राजरोस मिळते, आणि आमच्यातल्या एका मैत्रिणीने तो शब्द विसरून रात्रभर घाट मोजले.

पान चावायचं नसतं. गालात ठेवून विरघळू द्यायचं, ‘घुलाना’ म्हणतात. तोंडात पान असताना बनारसी माणूस बोलत नाही, मानेने उत्तर देतो. त्या वेळी त्याला रस्ता विचारू नका.

साडी कुठून घ्यावी?

रिक्षावाला नेईल तिथून नाही. त्याचं कमिशन तुमच्या साडीतच विणलेलं असतं.

पैठणीच्या सवयीने बघाल तर फसाल. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. बनारसीचा तसा नसतो, उलटी बाजू बघूनच तिची जात कळते. बुट्टे एकेक करून विणलेले असतील आणि मागे दोन बुट्ट्यांच्या मध्ये धागे लोंबत नसतील, तर ती ‘कढुआ’. मेहनत जास्त, किंमत जास्त. मागे धागे आडवे धावून कातरलेले दिसले तर ‘कटवर्क’. दोन्ही हातमागाच्या असू शकतात, फक्त कढुआच्या भावात कटवर्क घेऊ नका. आणि दोन हजारांत ‘शुद्ध कतान (म्हणजे पिळाचं रेशीम), हातमाग’ कोणी देत असेल तर ती यंत्रमागावरची आहे हे धरून चला. विणकरांची वस्ती मदनपुरा, पीलीकोठी भागात. ओळख काढून तिथे गेलात तर माग चालताना बघायला मिळतो. पाहिल्यावर घासाघीस करायला जीभ रेटत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

फसवतात का?

थोडंफार. नमुने ठरलेले आहेत: ‘ते हॉटेल बंद झालं’, ‘आज मंदिर बंद आहे, मी दुसऱ्या दाराने नेतो’, कपाळाला न विचारता गंध, हातात न विचारता फूल. ‘नहीं भैया’ म्हणून चालत राहायचं, थांबायचं नाही. चोरीमारीची भीती मला वाटली नाही, गर्दीत पाकीट सांभाळा इतकंच.

एकटी बाई जाऊ शकते का?

मी दोनदा गेले. घाटांवर रात्री नऊ-साडेनवापर्यंत वर्दळ असते, त्यानंतर सुनसान घाटावरून खोलीवर जाण्यापेक्षा वरच्या रस्त्याने जा.

आई-बाबांना पायऱ्या झेपतील का?

सगळ्या नाही. घाटांच्या पायऱ्या उंच, कधी शेवाळलेल्या. धामात व्हीलचेअरची सोय आहे, गोदौलियापर्यंत टोटो येते. अस्सीवर नावेत बसवा आणि सगळे घाट पाण्यातून दाखवा. पंचगंगेची चढण त्यांच्यासाठी नाही. स्नान करायचं असेल तर साखळी धरून, पहिल्या दोन पायऱ्यांवरच. तिसरी पायरी आहे असं समजून पाय टाकू नका.

तिथे श्राद्ध, विधी करायचे असतील तर?

गावातल्या गुरुजींकडून ओळख घेऊन जा, नाहीतर बसण्याआधी संकल्पापासून दक्षिणेपर्यंत सगळं मिळून किती ते स्पष्ट विचारा. संकोच करू नका, तेही करत नाहीत. काही उपाध्यांकडे यजमानांच्या जुन्या वह्या आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं तर पणजोबांची सही निघू शकते.

काशीत काहीतरी सोडावंच लागतं का?

रीत आहे: आवडतं फळ किंवा भाजी काशीत सोडायची, मग ती पुन्हा खायची नाही. आईने फणस सोडला. सासऱ्यांनी कारलं सोडलं. सासूबाईंनी ते मंजूर केलं नाही.

गंगा घरी कशी आणायची?

प्लॅस्टिकच्या कॅनमधून आणू नका. विश्वनाथ गल्लीत आणि ठठेरी बाजारात तांब्याचे छोटे गडू मिळतात. घाटावरचं पाणी भरून दिलंत की तोंडाला डाग देऊन कायमचे बंद करून देतात. आपल्याकडे पूर्वी मावंदं, म्हणजे यात्रेहून आल्यावरचं जेवण, घालताना ज्याची पूजा व्हायची तो हाच गडू. विमानाने येणार असाल तर तो चेक-इनच्या सामानात टाका, केबिनमध्ये अडवतील. माझ्या आत्याने पैसे वाचवायला वीस रुपयांचा कॅन घेतला आणि नव्या बनारसीच्या घडीत गुंडाळून ठेवला. मावंद्याच्या दिवशी देवापुढे गडूऐवजी साडी ठेवावी का, यावर घरात बराच खल झाला.